ज्याने बसवलं, त्यानेच उठवायचं

१

बाईंच्या खोलीत खुर्च्या तीन होत्या आणि माणसं एका वेळी दोनच. नवा माणूस आला की त्याची नजर आधी त्या तिसऱ्या खुर्चीवर जायची. अजून कोणी यायचंय का, असं तो विचारायचा. बाई हसून म्हणायच्या, कोणाला आणायचं ते तुम्हीच ठरवायचंय.

बाई समुपदेशक होत्या. म्हणजे लोकांचं ऐकून घ्यायच्या. त्यातही त्यांच्या वाट्याला यायची ती नेमकी अशी माणसं, ज्यांना बाकीचे हात जोडून वाटेला लावायचे. आज डोक्यावर घेऊन नाचतील, उद्या पायदळी तुडवतील, परवा रडत दारात उभी राहतील अशी. पुस्तकात त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. बाई म्हणायच्या, म्हणा बापडे विकार, पण लहानपणी ज्याचा हात कोणी मध्येच सोडून दिला, तो मोठेपणी दुसऱ्याचा हात मोडेस्तोवर घट्ट धरतो. त्यावरचा इलाज साधाच, पण भयंकर चिकाटीचा. ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची, ठरलेला आवाज. तो ओरडला तरी तुम्ही तिथेच, पाया पडला तरी तिथेच. असं वर्षानुवर्षं केलं की कधीतरी त्याला पटतं, माणूस एका जागी राहू शकतो.

तिसरी खुर्ची वेताची होती, तिच्यावर निळी उशी. ती न आलेल्यांसाठी. गेलेला बाप, बोलणं टाकलेली बहीण, पळून गेलेला नवरा, असा जो कोणी मनात रुतून बसलाय त्याला कल्पनेनं त्या खुर्चीत आणून बसवायचं आणि जे तोंडावर कधी बोलता आलं नाही ते बोलून टाकायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण चांगले दांडगे पुरुष त्या रिकाम्या वेतासमोर हुंदके देताना बाईंनी पाहिले होते.

या खेळाला दोन नियम होते. ते बाईंना त्यांच्या सरांनी शिकवले, सरांना कोणी शिकवले ते सरच जाणोत. पहिला नियम, वेळ संपायच्या आत खुर्ची रिकामी करायची. ज्याने बसवलं, त्यानेच उठवायचं. तोंडानं म्हणायचं, झालं, तुम्ही जा आता. मग त्यानेच खुर्ची फिरवून तिचं तोंड भिंतीकडे करायचं. बाई स्वतः कधी त्या खुर्चीला हात लावत नसत. दुसरा नियम, जो माणूस खोलीत हजर आहे त्याला त्या खुर्चीत बसवायचं नाही. हा नियम इतका उघड होता की तो मोडायची वेळ कधी येईल असं बाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

२

एका मुलीला बाई मनातल्या मनात विसरभोळी म्हणायच्या. येणाऱ्यांची खरी नावं घरी उच्चारायची नाहीत, म्हणून बाई सगळ्यांना टोपणनावं देत. हिचं नाव थट्टेतलं होतं, कारण ती कधीच काही विसरत नसे. उलट ती दर वेळी ठरवून काहीतरी मागे ठेवून जायची. कधी छत्री, कधी किल्ल्या, कधी चष्म्याचं घर. जिन्याच्या तळाशी जायची, थोडा वेळ थांबायची आणि धापा टाकत परत यायची. दार उघडून आधी बाईंकडे बघायची, वस्तूकडे मग. बाई आहेत ना, तेवढं बघायचं असायचं.

नऊ वर्षांची असताना तिची आई तिला शेजारणीकडे बसवून, आलेच हं, म्हणून गेली होती. ती काही आली नाही. त्यानंतर या मुलीनं आयुष्यात जो कोणी जवळ आला त्याला इतक्या परीक्षा घातल्या की बिचारा पळालाच. मग ती म्हणायची, बघा, मी म्हटलं नव्हतं?

बाईंना ती आवडायची. असं आवडणं या धंद्यात बरं नाही, पण मन काही धंदा विचारून चालत नाही. बाईंची एक सवय होती. ऐकताना त्या मान किंचित कलती करून हलकेच "हं" म्हणायच्या. नुसतं हं, पण त्यात जागा असायची. विसरभोळी म्हणायची, मॅडम, तुमचा तो हं मला डबीत भरून द्या, मी घरी नेते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई आठवडाभर समुद्रावर जाणार होत्या. त्यांची मुलगी, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत कारण ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही, वर्षभर त्यासाठी मागे लागली होती. बाईंनी विसरभोळीला महिनाभर आधी सांगून ठेवलं, वेळोवेळी आठवण दिली, सगळं रीतसर केलं. तरी जायच्या आदल्या दिवशी ती आली ती पांढरीफटक. तिनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हालाच त्या खुर्चीत बसवू का? तुम्ही नसताना मला तिथे बोलता येईल."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांना सरांचा नियम आठवला, आणि लगेच असंही वाटलं की नियम सरांच्या काळातला, ही मुलगी माझ्यासमोरची. त्यांनी मान हलवली.

विसरभोळी वेताच्या खुर्चीसमोर बसली आणि तिथे बसवलेल्या मॅडमशी बोलू लागली. इतकं मोकळं ती बाईंशी कधी बोलली नव्हती. बाई बाजूच्या आपल्या खुर्चीतून बघत राहिल्या. शेजारी दाताच्या डॉक्टरचं यंत्र भिंतीपलीकडे माशीसारखं गुणगुणत होतं, पडद्यातून पिवळा उजेड येत होता, आणि बाईंना आपण डुलकी घेतोय की काय असं वाटलं. आपल्याबद्दल कोणी आपल्यासमोर दुसऱ्याशीच बोलतंय, हे कसं गोड आणि जरा विचित्र होतं.

तेवढ्यात फोन थरथरला. सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस, आणि भिंगरीला आणायची वेळ टळून गेली होती. बाई गडबडीनं उठल्या, म्हणाल्या, चला, आता खुर्ची रिकामी करू या. विसरभोळीनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

"नको ना. त्यांना बसू द्या. तुम्ही परत येईपर्यंत."

फोन पुन्हा थरथरला. बाई म्हणाल्या, "बरं, बसू दे." आणि पर्स उचलून जिना उतरल्या.

३

समुद्र छान होता. भिंगरी दिवसभर वाळूत खड्डे करायची, त्यात पाणी आणून ओतायची आणि ते कुठे जातं म्हणून कान लावून बसायची. बाईंचा नवरा खुर्ची टाकून झोपा काढायचा. असं सुख म्हणजे दुसरं काय, असं बाई स्वतःला सांगत होत्या. सांगावं लागत होतं, हेच जरा खटकत होतं.

भिंगरीनं हात धरला की तो हात जाड कापडावरून धरल्यासारखा लागायचा. ती काही गमतीचं बोलली की बाईंना हसू यायचं, पण उशिरा, सगळे हसून झाल्यावर. दुपारी त्या लाटांकडे बघत बसल्या की लाटांच्या आवाजाखालून दुसरा एक बारीक आवाज यायचा. नीट कान दिला तेव्हा त्यांना तो ओळखीचा वाटला. दाताच्या डॉक्टरचं यंत्र. मग पडद्याचा पिवळा उजेड, निळ्या उशीचा उबदार स्पर्श पाठीला, आणि समोर कोणीतरी बोलतंय, बोलतंय. बाई दचकून जाग्या व्हायच्या. झोपलेल्या तर नसायच्याच.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. बैलाला सुट्टी दिली तरी तो घाण्याभोवतीच फिरतो. इतक्या वर्षांची सवय, अंगात मुरलेली. यात काय नवल?

एका दुपारी भिंगरी ओल्या हातांनी धावत आली आणि काहीतरी मोठं गुपित सांगू लागली. वर्गातल्या मैत्रिणीबद्दल होतं. बाई मान कलती करून "हं" म्हणाल्या. भिंगरी मध्येच थांबली, आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि म्हणाली, जाऊ दे. मग ती परत आपल्या खड्ड्याकडे गेली.

४

परत आल्यावर पहिल्याच सकाळी बाहेरच्या टेबलावरच्या मावशी उत्साहात होत्या. मावशी दार उघडायच्या, वेळा लिहून घ्यायच्या आणि गुडघ्यांची कहाणी सांगायच्या. तुमची ती छत्री विसरणारी मुलगी ठरलेल्या वेळी येऊन गेली हो, म्हणाल्या. बाईंनी विचारलं, बाहेर बसली का? मावशी म्हणाल्या, छे, आत. तिनं सांगितलं तुमचं बोलणं झालंय, म्हणून मी खोली उघडून दिली. आणि बरं केलं तुम्ही, फोन चालू ठेवून बोललात तिच्याशी.

"मी फोन केला नव्हता," बाई म्हणाल्या.

"मग हं हं कोण करत होतं?" मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा गुडघ्यांकडे वळल्या.

बाईंनी तर्क चालवला. मुलीनं नक्कल केली असेल. तिला बाईंचा हं तोंडपाठ होता. असली माणसं दुसऱ्याचं बोलणं, चालणं, हसणं उचलतात, हे तर पुस्तकातही आहे. एवढा विचार करून त्या आत गेल्या. वेताची खुर्ची होती तिथेच होती, तोंड खोलीकडे. निळी उशी मधोमध दबलेली होती. बाईंनी ती झटकायला हात पुढे केला, आणि का कोण जाणे, मागे घेतला.

पण खोलीत त्यांना बरं वाटलं. हे त्यांना नंतरही राहून राहून आठवत असे. आठवडाभर जे कापड अंगाभोवती होतं ते दारातच गळून पडलं. येणाऱ्यांचं दुःख त्यांना पुन्हा थेट पोचू लागलं, हसू वेळेवर येऊ लागलं. विसरभोळी तर ओळखू येईना. शांत, जेवणखाण नीट, झोप नीट. नव्या नोकरीत महिना टिकली. बाईंनी खुर्ची रिकामी करायचं काढलं की ती एवढंच म्हणायची, अजून थोडे दिवस. बाई थांबायच्या. एक तर मुलगी सुधारत होती, आणि दुसरं, खुर्चीत होतं काय? काहीच नव्हतं. काहीच नाही त्याची घाई कसली?

आणि तिसरं एक कारण होतं, ते बाई स्वतःशीही बोलत नसत. त्या खोलीतून बाहेर पडावंसं त्यांना वाटेनासं झालं होतं.

५

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर परक्यांची मनं सांभाळणाऱ्या बाई संध्याकाळी घरी यायच्या त्या पाण्याखालून चालत आल्यासारख्या. नवरा म्हणायचा, थकलीस, रजा घे. भिंगरी काही म्हणत नसे. ती आधी शाळेतून आली की दप्तर फेकून आईच्या मागे मागे फिरत सगळं सांगायची, बाईंचे कान किटायचे. आता ती दप्तर जागेवर ठेवायची आणि गुपचूप आपल्या कोपऱ्यात बसायची. एवढं शहाणं मूल बघून शेजारपाजारच्यांना कौतुक वाटलं. बाईंना मात्र कौतुक वाटलं नाही, कारण असं शहाणं होणारी मुलं त्यांनी मोठी होऊन आपल्या खोलीत आलेली पाहिली होती.

एका संध्याकाळी त्यांनी भिंगरीला जवळ ओढून बसवलं आणि विचारलं, तू हल्ली मला काही सांगत का नाहीस?

भिंगरीनं नखं कुरतडत थोडा विचार केला. मग म्हणाली, "तू हं म्हणतेस, पण आत कोणी नसतं."

बाईंना रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. कुठेतरी दूर, पिवळ्या उजेडात, कोणाच्या तरी डोळ्यांत ते आलं असावं असं त्यांना स्पष्ट वाटलं.

शाळेला दुसरी सुट्टी लागली तेव्हा नवरा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून बाई भिंगरीला बरोबर घेऊन गेल्या. मावशींच्या टेबलापाशी चित्रं काढत बसेल म्हणाल्या. दुपारी मधल्या वेळेत बाई खाली औषधाच्या दुकानात गेल्या, मावशींसाठी गुडघ्याचं मलम आणायला. परत आल्या तर मावशी टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या आणि चित्राचे कागद तसेच पडलेले. खोलीचं दार किलकिलं होतं. आतून भिंगरीचा आवाज येत होता. ती भडाभडा बोलत होती, पूर्वीसारखी, मध्ये श्वास न घेता. मैत्रिणीनं वर्गातल्या सगळ्यांना तिच्याशी बोलू नका असं सांगितलं होतं. कित्येक महिने. ती एकटीच डबा खात होती.

आणि तिच्या बोलण्याच्या खाचांमध्ये, अगदी हलका, जागा असलेला, बाईंना स्वतःच्या घशात जाणवावा असा तो आवाज आला.

"हं."

बाईंनी दार ढकललं. भिंगरी जमिनीवर बसली होती, गाल वेताच्या खुर्चीच्या कडेवर टेकवून. खुर्चीत कोणी नव्हतं. उशी खोल दबलेली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर ती हळूहळू वर आली, जशी माणूस उठल्यावर येते. सकाळी घाईत बाईंचं पोरीची वेणी घालायचं राहून गेलं होतं. आता ती घट्ट, नीट घातलेली होती.

"वेणी कोणी घातली?"

"तूच," भिंगरी म्हणाली. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे बघून तिचा चेहरा हळूहळू मिटला. "आई, आपण इथेच राहू या ना. घरी नको."

६

सर आता निवृत्त होते. डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून काळा चष्मा लावून गॅलरीत झाडांना अंदाजानं पाणी घालत होते. निम्मं पाणी खालच्या मजल्यावर पडत होतं आणि खालून कोणी तरी कुरकुरत होतं. बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना आपण एखाद्या अनोळखी बाईची हकीकत वाचून दाखवतोय असं त्यांना वाटत होतं.

सर हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. खरं तर तेवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. सरांनी हसून वेड्यात काढलं असतं तर बाई सुखानं घरी गेल्या असत्या. सर हसले नाहीत. झारी खाली ठेवून म्हणाले, खुर्चीत काही नसतं गं. पण जे नसतं त्यालाही उठवावं लागतं, म्हणून तर नियम. मग त्यांनी विचारलं, तुला नेमकं काय हवंय?

"मला माझ्या मुलीचं ऐकता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "ती बोलायची बंद झाली तर मी कुठे जाऊ?"

सरांनी काळा चष्मा नीट बसवला. म्हणाले, तू स्वतः काही करू नकोस. जिनं बसवलं, तीच उठवेल. तिला जमेल का ते बघ, तिच्यासाठी ते डोंगर उचलण्यासारखं आहे. निघताना त्यांनी बाईंचा हात चाचपून धरला.

"आणि एक लक्षात ठेव. ती ज्याला उठवेल, तोच उठेल."

जिना उतरताना बाई त्या वाक्याचा विचार करत होत्या. ते एवढं सरळ होतं की त्यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळेना.

७

विसरभोळीची वेळ संध्याकाळच्या आधीची. भिंगरी बाहेर बसली होती, ती आता रोज शाळा सुटली की हट्टानं यायची आणि दाराला पाठ लावून बसायची. बाईंनी विसरभोळीला समोर बसवून सांगितलं, आज खुर्ची रिकामी करायची. त्यांना वाटलं होतं रडारड होईल. ती नुसती खुर्चीकडे बघत राहिली.

मग म्हणाली, आईला मी कधी जा म्हटलं नाही, ती आपली गेली. मी कोणालाच जा म्हटलेलं नाही, मॅडम. मला ते येतच नाही. बाई म्हणाल्या, आज येईल. विसरभोळीनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. रिकाम्या वेताला जा म्हणवत नाही, ती म्हणाली. वेडगळ वाटतं. तुम्ही तिथे बसा. तुमच्या डोळ्यांत बघून म्हणेन.

बाईंनी वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांच्या मनात आलं, का नाही? जिथे आपलं काही सांडलं, तिथेच जाऊन बसावं, उचलून घ्यावं आणि सगळ्यानिशी उठावं. उलट हेच बरं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आशेसारखं काहीतरी वाटलं. त्या उठल्या आणि जाऊन वेताच्या खुर्चीत बसल्या.

उशी उबदार होती. नुकतंच कोणी उठून गेल्यावर असते तशी नाही. कोणी बसलेलं असताना असते तशी.

पलीकडे यंत्र गुणगुणत होतं. पडद्याचा पिवळा उजेड विसरभोळीच्या चेहऱ्यावर पडला होता. ती पुढे झुकली, आणि तिचा आवाज थरथरला तरी तुटला नाही.

"तुम्ही माझं सगळं ऐकलंत," ती म्हणाली. "मी ओरडले तरी इथेच राहिलात. मी आता तुमच्याशिवाय राहून बघते. तुमची मुलगी दाराशी बसलीय. झालं. तुम्ही जा आता."

बाईंचा ऊर भरून आला. पोरीनं जमवलं. त्यांनी तिला शाबासकी द्यावी म्हणून ओठ उघडले. आणि त्यांच्याच अंगातून, जशी ओली चादर दोरीवरून सरकते तसं, कोणीतरी उठलं.

पाठमोरी आकृती त्यांना दिसली. त्यांचाच निळा कुर्ता, मानेवरचा सैल अंबाडा, डावा खांदा जरा उतरलेला. तो खांदा त्यांनी आरशात कधी पाहिला नव्हता, पण फोटोत पाहिला होता. तिनं टेबलावरची पर्स उचलली. विसरभोळीच्या डोक्यावरून हात फिरवला. मान कलती करून "हं" म्हणाली, आणि तो आवाज ऐकून बाईंना कळलं की इतके दिवस भिंगरी कशासाठी तहानली होती.

बाई उठू लागल्या. म्हणजे त्यांनी उठायचं ठरवलं. ठरवणं तेवढं झालं.

विसरभोळीनं डोळे पुसले. छत्री घेतली, किल्ल्या घेतल्या, चष्म्याचं घर घेतलं, खिसे चाचपून पाहिले. काही राहिलं नाही ना म्हणून तिनं खोलीभर नजर फिरवली. ती नजर बाईंवरून गेली, जशी खुर्चीवरून जाते. मग नियम आठवून ती पुढे आली, वेताच्या खुर्चीचे हात धरले आणि मोठ्या काळजीनं, थोड्याशा अभिमानानंही, खुर्ची फिरवून तिचं तोंड भिंतीकडे केलं.

भिंतीवर रंगाचा एक पोपडा होता. इतकी वर्षं खोलीत काढूनही बाईंना तो माहीत नव्हता.

मागे दार उघडलं. भिंगरी किंचाळली, "आई!" तशी, जशी ती कित्येक महिन्यांत किंचाळली नव्हती. दप्तर पडल्याचा आवाज. मावशींचं हसणं. अगं पाडशील मला, असा बाईंचा आवाज. भिंगरी बोलायला लागली होती. मैत्रिणीचं, डब्याचं, कोणी काय म्हटलं त्याचं, सगळं एका श्वासात, आणि खाचाखाचांतून तो हलका हं येत होता.

बाईंना वाईट वाटलं. पण पोरगी बोलतेय, हेही तितकंच खरं होतं, आणि त्यांना दुसरं काय हवं होतं?

दिवा मालवला गेला. भिंगरीचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला. बाई भिंतीकडे तोंड करून अगदी शेवटच्या पायरीपर्यंत कान देऊन ऐकत होत्या. ऐकायचं काम त्यांना येत होतं.